इस्मत चुगताई : ‘लिहाफ’खाली झाकलेली लेखिका

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये एकदा इस्मत चुगताई यांचे नाव निघाले. आम्हीच काढले होते. नववीच्या मुलींना ऑफ पिरियडला त्यांची एखादी कथा वाचून दाखवावी असे मनात होते. समोर बसलेल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि आवाज उतरवून विचारले, "वही ना, लिहाफवाली?" पुढे बोलणे झाले नाही. त्यांनी ‘लिहाफ’ वाचलेली नव्हती हे नंतर कळले. खरे सांगायचे तर तोपर्यंत आम्हीही ती पूर्ण वाचली नव्हती. बी.एड. झालो, उर्दू माध्यमात शिकवू लागलो, अदबावर बोलायला लागलो, आणि उर्दूतल्या एवढ्या मोठ्या कथालेखिकेबद्दल आमची सगळी माहिती एका बदनाम शीर्षकापुरती होती.

त्यांना नावे ठेवणारे ‘लिहाफ’मुळे ठेवतात, आणि डोक्यावर घेणारेही ‘लिहाफ’मुळेच घेतात. मराठीत त्यांच्याविषयी जे चार शब्द बोलले जातात त्यांत ‘बंडखोर’ आणि ‘धीट’ हे दोन असतातच. पहिल्या गटाने त्यांना वाचले नाही, दुसऱ्याने एकच कथा वाचली. या दोन्ही गटांच्या मधून एक शाळामास्तरीण निसटून गेली, असे आमचे मत आहे. इस्मत आपा बी.ए., बी.टी. होत्या, मुलींच्या शाळांच्या मुख्याध्यापिका होत्या आणि मुंबईत आल्या त्या सिनेमासाठी नव्हे, शाळा तपासायला आल्या. हा त्यांच्या चरित्रातला किरकोळ तपशील नाही. त्यांच्या लिखाणाची नजर तिथून आली आहे. तेवढेच आम्हाला इथे मांडायचे आहे.

त्यांचा जन्म २१ ऑगस्ट १९१५ रोजी उत्तर प्रदेशातील बदायूँ येथे झाला. वडील मिर्झा कासिम बेग चुगताई सरकारी नोकरीत मोठ्या हुद्द्यावर होते, त्यामुळे बदल्या होत राहिल्या. लहानपण आग्रा, अलीगढ, जोधपूर असे फिरत गेले. दहा भावंडांत त्या नवव्या. मोठ्या बहिणींची लग्ने होऊन गेलेली, म्हणून वाढल्या त्या भावांबरोबर. झाडावर चढणे, घोड्यावर बसणे, विटीदांडू. आई नाराज असायची. थोरले भाऊ मिर्झा अज़ीम बेग चुगताई हे उर्दूतले नावाजलेले विनोदी लेखक. सतत आजारी असणाऱ्या या भावाने बहिणीला शिकवले, वाचायची चटक लावली. १९४१ मध्ये ते वारल्यावर इस्मत आपांनी त्यांच्यावर ‘दोज़खी’ हे व्यक्तिचित्र लिहिले. मेलेल्या भावाला बहीण ‘नरकवासी’ म्हणते म्हणून पुष्कळांना राग आला. मंटोंचे म्हणणे मात्र वेगळे होते. आपल्यावर कोणी असे लिहिणार असेल तर आपण आत्ता मरायला तयार आहोत, अशा अर्थाचे ते बोलले होते. आम्हाला मंटोंचे पटते. त्या लेखात भावाच्या खोड्या, चिडचिड, कुचकेपणा सगळे आहे. शेवटी वाचणाऱ्याच्या घशाशी जो आवंढा येतो तो नुसत्या स्तुतीने कधी आला नसता.

शिक्षणासाठी त्यांनी घरात जी लढाई केली ती त्यांच्या ‘काग़ज़ी है पैरहन’ या आत्मकथनात आली आहे. त्यांचे लग्न ठरवण्याचे घाटत होते. त्यांनी वडिलांना सांगितले की पुढे शिकू दिले नाही तर मी घरातून पळून जाईन, ख्रिस्ती होईन आणि मिशनच्या शाळेत नाव घालीन. आज हे वाचताना हसू येते. पण त्या काळात शरीफ घराण्यातल्या मुलीने वडिलांसमोर उभे राहून हे बोलणे म्हणजे काय असेल! वडील न्यायाच्या खुर्चीवर बसणारे होते, त्यांनी मुलीची बाजू ऐकून घेतली आणि तिला अलीगढला पाठवले. अलीगढची मुलींची शाळा शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या बेगम वहीद जहाँ यांनी १९०६ मध्ये काढली होती. तिच्यावर किती चिखलफेक झाली याच्या हकिकती अलीगढच्या जुन्या मंडळींनी लिहून ठेवल्या आहेत. पुढे लखनौच्या इझाबेला थॉबर्न कॉलेजातून बी.ए. आणि मग अलीगढहून बी.टी. शेख अब्दुल्लांची कन्या डॉ. रशीद जहाँ ही त्यांची खरी उस्ताद. ‘अंगारे’ हा कथासंग्रह १९३२ साली निघाला आणि १९३३ मध्ये सरकारने जप्त केला. त्यातली एकमेव लेखिका म्हणजे ही डॉक्टरीणबाई.

बी.टी. झाल्यावर बरेली, मग जोधपूर, येथील मुलींच्या शाळा त्यांनी सांभाळल्या. १९४२ च्या सुमारास त्या मुंबईला आल्या त्या म्युनिसिपालिटीच्या शाळांच्या इन्स्पेक्ट्रेस म्हणून. आमच्यासारख्यांना ‘इन्स्पेक्शन’ या शब्दाची धास्ती असते. हजेरीपट, टाचणवही, फळ्यावरची तारीख, सगळे त्या दिवशी जागेवर. आम्हाला कधी कधी वाटते, मुंबईच्या एखाद्या गल्लीतल्या उर्दू शाळेत, कौलारू खोलीत, बाकावर दाटीने बसलेल्या मुलींसमोर ‘टेढ़ी लकीर’ची लेखिका हातात रजिस्टर घेऊन उभी असेल, तेव्हा तिने काय पाहिले असेल? फळ्यावरची तारीख तर नक्कीच नाही.

‘टेढ़ी लकीर’ ही कादंबरी त्या दशकाच्या मध्यास आली. आमच्या मते ती त्यांची सर्वांत मोठी कृती. नायिका शम्मन ही घरातले दहावे अपत्य. ती जन्मते तेव्हा कोणालाही आनंद होत नाही, कारण आनंद करून करून सगळे थकलेले आहेत. दूध पाजणारी अन्ना तिला आई वाटते, तर अन्नाला काढून टाकले जाते. सांभाळणारी बहीण सासरी जाते. शाळेत एका शिक्षिकेवर तिचा जीव जडतो, तर ती शिक्षिका शाळा सोडून जाते. ज्याला हात लावावा ते हातातून जाते, अशी ही मुलगी. सगळे तिला वाकडी म्हणतात. कादंबरी म्हणते, वाकडी रेघ कोणी ओढली ते पाहा.

पुढे शम्मन स्वतः एका कौमी शाळेची मुख्याध्यापिका होते. ही प्रकरणे आमच्या पेशातल्या प्रत्येकाने वाचावीत. कौमच्या नावाने चाललेली शाळा, तिची पडझड, तिथल्या बायांची आपापसातली धुसफूस, वरून कारभार हाकणारे बुजुर्ग, आणि या सगळ्यांच्या पायाखाली मुली. नैराश्य आले की शम्मन चिडते, मुलींवरही चिडते. मुख्याध्यापिका म्हणजे त्यागमूर्ती असे चित्र इथे नाही. बाई थकते, कंटाळते, आरशात पाहते, पगार मोजते. आम्ही ही प्रकरणे पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवावे लागले, कारण त्यातली एक चिडचिड त्याच आठवड्यात आम्ही वर्गात केली होती.

शेवटी शम्मनचे रॉनी टेलर या आयरिश माणसाशी लग्न होते आणि मोडते. हा भाग आम्हाला तितका पटलेला नाही. चर्चा जास्त, माणसे कमी. कादंबरी वसतिगृहात आणि अंगणात असते तेव्हा श्वास घेते, राजकारणाच्या बैठकीत गेली की भाषण करू लागते. तरीही एका मुलीचे मन पाळण्यापासून तिशीपर्यंत इतक्या बारकाईने उर्दूत त्याआधी कोणी उलगडले नव्हते.

इथे मराठीतली एक शिक्षिका आठवल्याशिवाय राहत नाही. आम्ही राहतो कोपरीला. पूल ओलांडून ठाण्याच्या पश्चिमेला गेले की १८९३ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. मराठीची गोडी आम्हाला लागली ती अशा ग्रंथालयांमुळे, कारण आमचे शालेय शिक्षण उर्दूत झाले आणि मराठी होती ती बाजाराची, रेल्वेची, शेजारपाजारची. अशाच एका फेरीत ‘कळ्यांचे निःश्वास’ हाती आले. १९३३ चे पुस्तक. लेखिका विभावरी शिरूरकर, म्हणजे बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. कर्व्यांच्या संस्थेत शिकलेल्या आणि तिथेच मुलींना शिकवलेल्या. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनातले त्यांनी लिहिले आणि पुण्यात खळबळ उडाली. ही विभावरी कोण, याचा शोध सुरू झाला. नाव पडद्याआड ठेवले नसते तर शाळेतली नोकरी राहिली असती का, हा प्रश्न आमच्यासारख्याला लगेच सुचतो.

इस्मत आपांच्या बाबतीत उलटी गंमत झाली. १९३९ च्या सुमारास ‘साक़ी’ मासिकात त्यांचे ‘फ़सादी’ हे नाटक आले, खऱ्या नावाने. वाचकांना वाटले की हे अज़ीम बेगनीच लिहिले आहे आणि नवे नाव घेतले आहे. पुण्यात पांघरलेल्या नावामागची बाई लोक शोधत होते, तर इकडे बाईने उघडे नाव लावले तरी लोकांना त्यामागे भाऊ दिसला. दोघी मास्तरणी, दोघींच्या पुस्तकांत वसतिगृहे, शाळा आणि न बोलता येणारी मुलगी. एकमेकींचे लिखाण त्यांच्या हाती पडले असते तर! मुंबई ते पुणे काही फार लांब नाही. पण उर्दू आणि मराठी यांच्यात जे अंतर आहे ते मैलांचे नाही.

मालतीबाई पुढे सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, तारेच्या कुंपणाआड ठेवलेल्या तथाकथित गुन्हेगार जमातींत काम करायला गेल्या. त्या अनुभवातून १९५० मध्ये ‘बळी’ आली. शिक्षिकेची नजर घेऊन त्या आपल्या वर्गाबाहेर गेल्या. इस्मत आपाही गेल्या, पण दुसऱ्या वाटेने. त्यांच्या ‘दो हाथ’ या कथेत मैला उचलणाऱ्या कुटुंबात नवरा लढाईवर असताना मूल जन्मते. मोहल्ल्यातले शरीफ लोक हिशेब मांडतात, नवऱ्याला पेटवू पाहतात. तो परत येतो आणि त्याला त्या मुलात दिसतात दोन हात, उद्या कामाला लागणारे दोन हात. शरीफांची सगळी इज्जत त्या साध्या हिशेबापुढे बावळट ठरते. दलित साहित्य जवळून पाहिलेल्या मराठी वाचकाला या कथेत अपुरेपणा वाटेल. कथा वाड्याच्या खिडकीतून पाहिलेली आहे, आतून नाही, हे खरेच. तरीही ती खिडकी उघडणारी बाई त्या वाड्यात एकटीच होती.

आता ‘लिहाफ’. ती १९४२ साली लाहोरच्या ‘अदब-ए-लतीफ’मध्ये छापून आली. त्याच वर्षी त्यांचे शाहिद लतीफ यांच्याशी लग्न झाले. १९४४ मध्ये अश्लीलतेच्या खटल्याचे समन्स आले आणि त्यांना लाहोरला जावे लागले. मंटोंवरही ‘बू’ कथेसाठी खटला होता. माफी मागून मोकळे व्हा असा सल्ला देणारे पुष्कळ होते. दोघांनीही माफी मागितली नाही. कोर्टात साक्षीदारांना कथेतला अश्लील शब्द दाखवा म्हटले तर दाखवता येईना, कारण तसा शब्दच कथेत नाही. एक लहान मुलगी रात्री भिंतीवर रजईची सावली हलताना पाहते, तिला हत्ती दिसतो, एवढेच. इस्मत आपा सुटल्या. लाहोरच्या त्या फेऱ्यांत दोघे लेखक बाजारात हिंडले, चपला-जोडे पाहत बसले, हे सगळे त्यांनी मजेत लिहिले आहे.

पण गंमत तिथेच संपली. पुढची पन्नास वर्षे त्या जे काही लिहीत ते ‘लिहाफ’वालीचे म्हणून वाचले गेले, आणि हे लेबल आपल्याला जड झाले असे त्या स्वतः म्हणत असत. आम्ही ती कथा अखेर वाचली तेव्हा आमच्या लक्षात राहिली ती बेगम जान नव्हे, तर ती बघणारी मुलगी. तिला दुसऱ्याच्या घरी ठेवून आई निघून गेलेली आहे. तिला भीती वाटते आहे आणि ती कोणाला सांगू शकत नाही. वर्गात अशा मुली असतात. एखादी अचानक गप्प होते, गृहपाठ करीनाशी होते, आम्ही डायरीत शेरा लिहितो. ‘लिहाफ’वर आजवर जो गदारोळ झाला त्यात या मुलीविषयी किती जण बोलले?

आम्ही वर्गात वाचली ती ‘चौथी का जोड़ा’. स्टाफरूममधल्या त्या प्रसंगानंतर महिन्याभराने. विधवा बी अम्मा शिवणकामात हुशार. मोहल्ल्यात कोणाला कापड कमी पडले की त्यांच्याकडे येतात, आणि त्या ओढूनताणून, तिरके-आडवे बेतून पुरवतात. थोरली लेक कुबरा लग्नाची होऊन कधीच राहिली आहे. तिच्या चौथीचा जोडा, म्हणजे लग्नानंतर चौथ्या दिवशी नवरीने घालायचा पोशाख, पुन्हा पुन्हा बेतला जातो. मग मामेभाऊ राहत पोलीस ट्रेनिंगसाठी येऊन घरी राहतो. त्याला पराठे, कोफ्ते घालण्यासाठी घरातले दागिने एकेक करून जातात. स्वतः उपाशी राहून कुबरा पडद्याआडून त्याच्यासाठी रांधते, विणते. धाकटी हमीदा ताट नेऊन देते. तो खातो, हसतो, हमीदाचा हात धरतो, आणि ट्रेनिंग संपताच निघून जातो, कारण त्याचे लग्न दुसरीकडे ठरलेले आहे. कुबरा क्षयाने मरते. बी अम्मा त्याच चौकीवर पांढरे कापड पसरतात.

या कथेत खलनायक नाही. राहत दुष्ट नाही, तो फक्त भुकेला आणि बेफिकीर आहे. बी अम्माही लेकीवर जीव टाकते. मग कुबराला मारले कोणी? कथा उत्तर देत नाही, ती फक्त कापड मोजते. किती गज, किती बोटे, कोठे कात्री. आमच्या मते उर्दू कथेत एखाद्या हुन्नराचा असा वापर क्वचितच झाला असेल. शिवणकाम इथे सजावटीला आलेले नाही, सगळी कथाच त्या कात्रीच्या तालावर चालते. ज्या हाताने अपुरे कापड पुरवले त्याच हाताला मुलीचे आयुष्य काही पुरवता आले नाही.

आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींच्या घरी फॉल-बिडिंगचे काम चालते. साड्यांचे गठ्ठे येतात, रात्री आई आणि मुली बसून शिवतात, सकाळी माणूस येऊन मोजून नेतो. त्यांना ‘चौकी’ शब्द समजावून सांगावा लागला, बाकी काही नाही. कथा संपल्यावर वर्ग शांत होता. मग मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी कधी हात वर करत नाही, तिने विचारले, "टीचर, फिर हमीदा का जोड़ा किसने सिया?" आम्ही ही कथा पाच-सहा वेळा तरी वाचली असेल, हा प्रश्न आम्हाला सुचला नव्हता. धाकटी उरली आहे. आईची नजर आता तिच्याकडे वळणार. तीच चौकी, तीच कात्री. कथा कफनापाशी संपते असे आम्ही समजत होतो. त्या मुलीने दाखवले की ती तिथे फक्त थांबते.

मुंबईतले पुढचे आयुष्य पुष्कळांना ठाऊक आहे. नोकरी सुटली, सिनेमा आला. शाहिद लतीफ दिग्दर्शक झाले. इस्मत आपांच्याच कथेवरचा ‘ज़िद्दी’ १९४८ मध्ये आला आणि देव आनंदला त्याने नाव मिळवून दिले. मग ‘आरज़ू’, ‘सोने की चिड़िया’ वगैरे. पैसा आला, चर्चगेटला घर झाले, दोन मुली झाल्या. १९६७ मध्ये शाहिद लतीफ वारले. सिनेमाच्या दुनियेवर त्यांनी ‘मासूमा’, ‘अजीब आदमी’ अशा कादंबऱ्या लिहिल्या. त्या वाचनीय आहेत, पण घाईने लिहिल्यासारख्या वाटतात. पात्रे येतात तीच बोलत येतात, कोणाला श्वास घ्यायला फुरसत नाही. इस्मत आपांचे भक्त हे मान्य करीत नाहीत. आमचे मत असे की त्यांच्या लेखणीला अंगण लागत असे, स्टुडिओ मानवला नाही.

फाळणीवर मात्र त्यांनी जे लिहिले ते अंगणातूनच लिहिले. ‘जड़ें’ ही कथा मारवाडातली. शेजारी-शेजारी दोन घरे, एक मुसलमान आणि एक डॉक्टर रूपचंदांचे. सगळे कुटुंब पाकिस्तानला निघते, म्हातारी अम्मा हलत नाही. रिकाम्या घरात ती एकटी बसते. रात्री रूपचंद लूणी जंक्शनवरून तिच्या लेकरांना परत घेऊन येतात. कथा भाबडी आहे असा आक्षेप घेतात, आणि कदाचित ती आहेही. पण आम्ही ती कोपरीत बसून वाचली आहे. आमच्याकडे सिंधी कुटुंबे पुष्कळ. फाळणीत घरे सोडून आलेल्यांची ही तिसरी-चौथी पिढी. शेजारच्या आजींना त्यांचे सिंधमधले घर अजून आठवत असे, दार कोणत्या दिशेला होते तेही. त्यांना आणायला कोणी जंक्शनवर गेले नाही. म्हणून ‘जड़ें’ आम्हाला घडलेल्या गोष्टीपेक्षा घडायला हवी होती अशी गोष्ट वाटते. पुढे त्यांच्याच एका अप्रकाशित कथेवरून एम. एस. सथ्यू यांनी ‘गर्म हवा’ केला. तिथे आग्र्याचे कुटुंब आहे आणि तिथे भाबडेपणा उरलेला नाही.

त्यांच्या शेवटाबद्दल आपल्या समाजात अजून कुजबुज होते, म्हणून त्याविषयीही लिहितो. २४ ऑक्टोबर १९९१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार चंदनवाडीत दहन झाले. पुष्कळांना धक्का बसला. उर्दू लेखक-वाचकांत वाद झाले. आमच्यापुरते विचाराल तर आम्हाला आमच्या बुजुर्गांशेजारची माती हवी, आणि त्यांचा हा निर्णय आमच्या मनाला लागतो. पण याच बाईने १९७० च्या दशकात ‘एक क़तरा-ए-ख़ून’ ही करबलेवरची कादंबरी लिहिली, मीर अनीसांच्या मर्सियांचे बोट धरून. त्यात इमाम हुसैन यांच्या घरातल्या बायका-मुलांची तहान ज्या मायेने लिहिली आहे ती वाचल्यावर लेखिकेच्या ईमानाचा निवाडा करायला आमची जीभ धजत नाही. जे करतात त्यांनी निदान ही कादंबरी वाचली आहे का, ते सांगावे.

शेवटी भाषेबद्दल. इस्मत आपांची उर्दू ही दिवाणखान्याची नाही, ती जनानखान्याची आहे. टोमणे, शिव्याशाप, लाडाची नावे, म्हणी, अर्धी वाक्ये. ‘नन्ही की नानी’ला स्वतःचे नावच नाही. आधी कोणाची मुलगी, मग कोणाची सून, मग कोणाची आई, मग नानी. ‘बिच्छू फूफी’तली फूफी भावाला खिडकीतून जे शाप देते ते एखाद्या गाण्यासारखे चालतात, आणि मरणाऱ्या भावापाशी आल्यावर तिच्या तोंडून शाप निघेनासा होतो. ही बोली त्यांनी शब्दकोशातून घेतली नाही. आया, फूफ्या, मोलकरणी यांच्या तोंडून जशी ऐकली तशी छापली, आणि छापल्यावर तीच उर्दू झाली.

मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानांनी अजून हे म्हणावे तसे केलेले नाही, असे आम्हाला वाटते, आणि त्यात आम्हीही आलो. आमच्या घरात कोकणी चालते, शेजारी दख्खनी, शाळेत फसीह उर्दू, आणि लिहायला बसलो की पुस्तकी मराठी. अंगणातली बाई या चौघांच्या मध्ये कोठेतरी गप्प बसलेली असते. पाच-सहा वर्षांपूर्वी आम्ही आठवीला निबंध दिला होता, ‘मेरी नानी’. एका मुलीने नानीचे बोलणे नानी बोलते तसेच लिहिले होते. महाडकडची कोकणी, मध्येच दख्खनी, एक चांगलीच तिखट शिवीसुद्धा. आम्ही लाल पेनने सगळे दुरुस्त केले, शिवीवर आडवी रेघ ओढली, समासात ‘ज़बान की ग़लतियाँ’ असा शेरा लिहिला आणि दहापैकी चार गुण दिले. ‘नन्ही की नानी’ वाचल्यावर ती वही आम्ही शोधली. तोपर्यंत त्या वर्षाच्या वह्या रद्दीत गेल्या होत्या, आणि ती मुलगी दहावीनंतर शाळेतून गेली होती.